उजव्या हाताची कालवड

प्रिय छोट्या,

पलीकडच्या मास्तरीणबाईंनी तुला फोन केलाच असेल आणि त्यात पदरचे चार शब्द घालून सांगितलंही असेल, म्हणून मी आपलं साधं-सरळ लिहिते. हो, मी वासरू विकत आणलं आहे. कालवड आहे, तपकिरी, अजून दुधावरची, कपाळावर पांढरा ठिपका आणि पुढचे गुडघे माझ्या गुडघ्यांसारखेच बाहेर आलेले. तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. मला माहीत आहे, तू आधी एक मोठा सुस्कारा टाकणार, मग 'अगं आई' म्हणणार आणि मग मला एक वाक्य पुरं करू देणार नाहीस. पत्राचं बरं असतं, त्याला मधेच तोडता येत नाही. तेव्हा दारात डोकं आपटण्याइतका उंच झालेला असलास तरी निमूट बस आणि वाच. सूनबाईलाही वाचून दाखव, पण तिला म्हणावं पाय वर घेऊन बस.

चारा कापायच्या कुट्टीच्या यंत्राने माझ्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यावरून नेली, याची साऱ्या गल्लीने हळहळ केली. पण मी दवाखान्यात पडलेली असताना तू मला न विचारता सगळ्या गाई विकून टाकल्यास, त्याची हळहळ कुणीच केली नाही. उलट मुलगा असावा तर असा, असं मला चार जणांनी येऊन सांगितलं. मी घरी आले तेव्हा गव्हाणीत तुमच्या वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं होतं आणि भिंतीला तुझी मोडकी सायकल टेकवलेली होती. तू म्हणालास, आता फक्त आराम कर. तू हे माझ्या चांगल्यासाठीच केलंस, मला मान्य आहे. माझ्या आयुष्यात जे जे माझ्यावर लादलं गेलं ते माझ्या चांगल्यासाठीच होतं, त्यामुळे त्या शब्दाचा मी आता धसकाच घेतला आहे. हा हात आता कुठलाही जीव सांभाळायच्या लायकीचा राहिला नाही, हे तू मला तोंडावर कधी म्हणाला नाहीस. पण गाई विकून म्हणालासच की. म्हणून मी मनाशी ठरवलं, एक दुधावरचं वासरू आणायचं आणि याच हाताने वाढवायचं. ते जगलं तर माझं खरं. मेलं तर तुझं खरं, मग तू म्हणशील त्या खोलीत, तू म्हणशील त्या खुर्चीत येऊन बसेन आणि परत तोंडातून शब्द काढणार नाही.

बाजारात व्यापारी माझ्याशी बोलायलाच तयार नव्हता. मी प्रश्न विचारायची आणि तो माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला उत्तर द्यायचा. तो बिचारा कोंबड्या घ्यायला आलेला, उगाच मान डोलावत होता. मावशी, मुलाला घेऊन या, असं व्यापारी शेवटी म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझ्या मुलाला वासराचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते आधी शिकवावं लागेल. रागावू नकोस, खोटं नाही बोलले. मग मी एकेक वासरू बघत गेले. बेंबी कोरडी आहे का, शेपटीखाली शेण चिकटलेलं आहे का, कान गार पडलेत का, हिरडी दाबून सोडली की रंग परत येतो का. गुबगुबीत वासरं बरीच होती, पण ती सुस्त उभी होती. ही एक कोपऱ्यात होती, बरगड्या दिसणारी. मी जवळ गेले तशी तिने मला पोटात अशी ढुशी मारली की मी मागच्या कोंबडीवाल्याच्या अंगावर गेले. ढुशी मारणाऱ्या वासराला जगायचं असतं. मी तिथेच सौदा केला. टेम्पोवाल्याने मला पुढे बसायला सांगितलं, मी मागे पेंढ्यात तिच्याजवळ बसले. घरी उतरवल्यावर ती गोठ्याच्या उंबऱ्यात थांबली आणि भाड्याची खोली बघायला आलेल्या बाईसारखी वर, खाली, कोपऱ्यात बघत राहिली. तेव्हाच मी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं.

नव्या वासराला घरात पाऊल टाकल्या टाकल्या दूध द्यायचं नाही, हे मला तुझ्या आजीने शिकवलं होतं. प्रवासाने त्याचा जीव घाबरलेला असतो, पोट आवळलेलं असतं, त्यावर मायेने दूध ओतलं की हगवण लागते आणि माया अंगाशी येते. आधी कोरडा पेंढा जाड अंथरायचा, वारा लागणार नाही असा कोपरा द्यायचा, कोमट पाण्यात मीठ-साखर घालून पुढे ठेवायची आणि माणसांनी लांब राहायचं. यातलं शेवटचं मास्तरीणबाईंना जमलं नाही. त्या कुंपणावरून मान लांब करून सल्ले देत होत्या, आणि त्यांनी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलेलं नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण इथे तर वासरू एकच होतं, तरी त्यांचं शहाणपण थांबेना. बाईसाहेबांनी पाण्याला तोंड लावलं नाही. मी म्हटलं, राहू दे, दमली आहे. वळणावरच्या गोठेवाल्याकडून ताजं दूध आणून कोमट करून ठेवलं.

आता तू गोठ्याशेजारी वाढलास तरी तुझं सगळं लक्ष सायकलीच्या साखळीत असायचं, म्हणून सांगते. वासरू आईच्या कासेला पितं, म्हणजे मान वर करून. दूध खाली बादलीत असतं हे त्याला पटतच नाही. मग आपण दुधात बुडवलेली दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची, अंगठ्याशेजारचीच दोन, तळवा वर करून. ते चोखायला लागलं की हात हळूहळू खाली नेत बादलीत बुडवायचा. बोटांच्या फटीतून दूध वर येतं, वासराला चव कळते आणि मग एका क्षणी बोटं हळूच काढून घ्यायची. आपल्या गोठ्यातली प्रत्येक गाय लहानपणी माझ्या या दोन बोटांवर प्यायला शिकली होती. आणि मी अशी शहाणी, की तू आणून दिलेला तो हातमोजा घालून तिच्यापुढे बसले. कातडीच्या रंगाचा, नकली बोटांचा. त्याला नखंसुद्धा आहेत, आणि ती माझ्या खऱ्या नखांपेक्षा नीट कापलेली आहेत. मी ती नकली बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात दिली. तिने ती एकदा चावली, शिंकली आणि मला अशा नजरेने बघितलं की मला लाज वाटली.

तुला वाटेल, मोजा काढून ठेवायला काय झालं होतं. मलाही आता तसंच वाटतं. पण छोट्या, तो मोजा मी सकाळी उठल्या उठल्या घालायची ते थेट झोपताना काढायची. लोकांनी हात बघू नये म्हणून तू दिलास, आणि हळूहळू मीच बघायची बंद झाले. तो काढता येतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी डाव्या हाताची बोटं देऊन पाहिली. डाव्या हाताचा मळ म्हणतात सोप्या कामाला, पण म्हणणाऱ्याने कधी डाव्या हाताने वासरू पाजलेलं नसावं. डावी बोटं तोंडात, तर उजव्या हाताने डोकं धरून खाली न्यावं लागतं, आणि दुधाने बुळबुळीत झालेला तो मोजा तिच्या नाकाशी गेला की रबराच्या वासाने ती मान झटकून मागे सरायची. एकदा बादली माझ्या मांडीवर पालथी झाली. एकदा ती, बादली आणि मी, तिघीही. मास्तरीणबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या की परत देऊन टाका. मी म्हटलं, तुम्हाला की वासराला? त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. पोरगा चांगला आहे, हाताला हलका आहे आणि खोटं बोलत नाही. त्याने तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, कातडी तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. डोळे आत गेले होते. त्याने रबरी बोंडाची बाटली दिली, तीही तिने चघळून टाकली, दूध सगळं गळ्याखालून पेंढ्यात. तो म्हणाला, काकू, संध्याकाळी मी परत येतो, तोवर प्यायली नाही तर नळी घालून पोटात दूध सोडू, पण नळीवर वासरू तग धरतं, वाढत नाही. मग जरा घुटमळून म्हणाला, मुलाला बोलावून घ्या ना, धरायला दोन हात होतील. ज्याला त्याला माझा मुलगाच हवा! मी बाटली धुऊन त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर मात्र मी हात टेकले. पहिल्यांदाच मला वाटलं की तुझंच खरं आहे. तुला फोन करायला मी उठलेसुद्धा होते.

पण मोज्यात दूध शिरलं होतं. आतून ओलं, चिकट, आणि जखमेच्या जागी अशी खाज सुटली होती की फोन धरवेना. मी मोजा ओढून काढला, पिळला, खुंटीवर टाकला आणि कुठे जायचंय म्हणून तिथेच भिंतीला पाठ लावून पेंढ्यात बसले. हात मांडीवर उघडा. दुपारचं ऊन दारातून थेट हातावर पडलं होतं, आणि मी किती दिवसांनी त्याच्याकडे नीट बघितलं. बोटांची टोकं मऊ झालेली, गुलाबी, आखूड. बाईसाहेब उठल्या. पाय लटपटत होते. मी हलले नाही. तिने आधी माझा गुडघा हुंगला, मग मनगट चाटलं, घामाचं मीठ असेल त्याला, आणि मग ती दोन अर्धी बोटं सरळ तोंडात घेतली आणि चोखायला लागली. सुरुवातीला अशी कळ गेली की डोळ्यांपुढे चांदण्या दिसल्या, ती जागा अजून हुळहुळी आहे. पण मी हात काढला नाही. आणि मग मला कळलं. माझी पूर्वीची लांब बोटं वासराच्या घशापर्यंत जायची, त्यामुळे वासरं आधी ठसकायची. ही दोन आखूड, मऊ टोकांची बोटं म्हणजे त्या जिवाला अगदी आईच्या कासेचे सडच वाटली. यंत्राने माझ्या हाताची कास करून ठेवली होती आणि मी ती झाकून हिंडत होते.

मी रडले, लपवत नाही. पण रडता रडता डाव्या हाताने बादली ओढली, कारण रडण्यासाठी वासरू थांबत नाही. हात हळूहळू खाली नेला, ती बरोबर खाली आली, नाक दुधात बुडालं, फुरफुरली, माझ्या तोंडावर दूध उडालं आणि मग घोटाचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. शेपटी अशी फिरायला लागली की भिंतीवर आपटत होती. मी बोटं काढून घेतली तरी ती पीत राहिली, वर बादलीला ढुशी मारून आणखी मागायला लागली. दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. काहीतरी बोलायला आल्या असणार, पण त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्या गप्प राहिल्याचं मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तुला फोनवर त्यांनी काय सांगितलं असेल ते असो, हे सांगितलं का ते विचार. मी आणखी दूध दिलं नाही. द्यावंसं फार वाटत होतं, पण दिलं नाही, भुकेल्या पोटी एकदम पोटभर दिलं तर आजवरच्या कष्टांची हगवण व्हायची. संध्याकाळी डॉक्टर नळी घेऊन आला आणि तशीच घेऊन गेला. जाताना त्याने माझा उघडा हात हातात घेऊन नीट बघितला आणि जखमेला लावायला मलम दिलं. ते गुरांचंच आहे. चांगला गुण येतोय.

आता बाईसाहेब रुळल्या आहेत. सकाळी माझी चप्पल वाजली की आधी हंबरतात आणि मग मी उशीर केला म्हणून पाठ फिरवून उभ्या राहतात. दूध झाल्यावर सगळं चोखायची खोड आहे, माझ्या स्वेटरची एक बाही आता दुसरीपेक्षा लांब झाली आहे. म्हणून पिणं झालं की तोंड पुसायचं आणि जिभेवर भरडलेल्या धान्याची चिमूट ठेवायची, म्हणजे मन दुसरीकडे वळतं. गवताच्या कोवळ्या काड्या ती तोंडात धरून बसते, चावत नाही, नुसती ऐटीत धरते. कातडी चिमटीत धरून सोडली की झटकन बसते. सायकल मी भंगारात दिली. खोकं तिने खाल्लं.

आणि तुझ्याबद्दल एक गोष्ट मला ठाऊक आहे, ती तू कधी बोलला नाहीस तरी. अपघाताच्या दिवशी तू घरी आलेला होतास, आणि मी शुद्धीवर नव्हते. यंत्राची मोटर बंद केलीस ती तू. माझा हात टॉवेलात गुंडाळलास तो तू. मला जे बघावं लागलं नाही ते तुला बघावं लागलं, आणि तो आवाज अजून तुझ्या कानात असणार. गाई तू माझ्यासाठी विकल्या नाहीस, त्या गोठ्यात तुला परत पाय ठेवायचा नव्हता म्हणून विकल्यास. त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. तू घाबरलास, आणि घाबरायलाच हवं होतं. पण लेकरा, भीती तुझी आहे आणि हात माझा आहे. तुझ्या भीतीला मोजा घालायचा तर घाल, माझ्या हाताला घालू नकोस.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. वासरू आणायच्या आधीच्या रविवारी तू फोनवर 'ठेवतो' म्हणालास आणि फोन बंद झाला नाही. मला चष्म्याशिवाय बटण दिसेना, म्हणून मी तसाच कानाशी धरून बसले. सूनबाई विचारत होती, बाळ झालं की आईंना बोलवायचं ना. तू म्हणालास, बोलवू, पण बाळ तिच्या एकटीच्या हातात द्यायचं नाही, तो हात काही भरवशाचा नाही, तिला कळू न देता आपण सांभाळून घेऊ. मला कळलं, छोट्या. मला वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण वाईट नाही वाटलं, संताप आला, आणि पुढच्याच बाजाराला मी निघाले. तेव्हा नीट ऐक. बाळ झालं की मी येणार आहे, बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी. तोवर बाईसाहेब चाऱ्याला लागलेल्या असतील, आणि मास्तरीणबाईंनी कुरकुरत का होईना बादली धरायचं कबूल केलं आहे. मला खुर्चीत बसवून, मांडीवर उशी ठेवून, खाली स्वतःचे हात झोळीसारखे धरून बाळ दाखवायचं नाही. ते माझ्या हातात द्यायचं, याच हातात, आणि तू स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा. भीती वाटली तर तिथे उभं राहून वाटून घे. ते रडायला लागलं तर आत धावत येऊ नकोस. कुठलं बोट द्यायचं ते माझं मी बघेन.

तुझीच,
आणि कुणाचंही न ऐकणारी,
आई